टाकीतला मासा आजारी पडला तर: निदान आणि घरच्या घरी उपचार

सकाळी खाणे टाकल्यावर एखादा मासा वर येत नाही, कोपऱ्यात पर मिटून उभा राहतो आणि जागच्या जागी डुलत राहतो. बहुतेक आजारांची सुरुवात अशीच दिसते. अशा वेळी घरातले कोणीतरी दुकानात जाते, दुकानदार निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली देतो आणि संध्याकाळपर्यंत ते औषध टाकीत पडलेलेही असते. निळे औषध बहुधा मिथिलीन ब्लू असते आणि पिवळे बहुधा अ‍ॅक्रिफ्लाविन. दोन्ही औषधे चांगली आहेत, पण मोजक्याच आजारांवर. घरच्या टाकीत मासे दगावतात ते पुष्कळदा जंतूंमुळे नव्हे, तर पाण्यामुळे, आणि बिघडलेल्या पाण्यावर यांपैकी कोणत्याही बाटलीचा उपयोग होत नाही. म्हणून आधी पाणी, मग निरीक्षण आणि शेवटी औषध हा क्रम येथे ठेवला आहे. उपचार करताना घाई झाली तरी तो मोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

किती मासे, किती वेळात

निदानाची पहिली पायरी टाकीसमोर उभे राहूनच पार पडते. आजारी मासा एक आहे की सगळेच, आणि हे एका रात्रीत घडले की आठवडाभरात, एवढे दोन प्रश्न विचारावेत. सगळे मासे एकदम मलूल झाले असतील, तर रोगापेक्षा विषबाधेची किंवा प्राणवायूच्या कमतरतेची शक्यता कितीतरी अधिक असते, कारण संसर्ग एका माशाकडून दुसऱ्याकडे जायला काही दिवस घेतो. एकच मासा आजारी असेल आणि बाकीचे नेहमीसारखे खात असतील, तर जखम, अंतर्गत बिघाड किंवा नुकताच सुरू झालेला संसर्ग यांचा विचार करावा.

वेळेवरूनही बरेच कळते. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील आणि दिवे लागल्यावर तासाभरात सावरत असतील, तर रात्री प्राणवायू कमी पडतो आहे. दाट वनस्पती असलेल्या टाकीत हे विशेष घडते, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात. उन्हाळ्यात अडचण वाढते: २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यातच वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर गर्दीच्या टाकीत काही तासांतच मासे वर येतात. बॅटरीवरचा पंप नसेल, तर मगाने टाकीतलेच पाणी काढून वितभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहावे. हा साधा उपाय पुष्कळ मासे वाचवतो.

धापा पाणी बदलल्यानंतर लगेच सुरू झाल्या असतील, तर क्लोरीनचा संशय घ्यावा. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो तेव्हा किंवा पावसाळ्याच्या तोंडावर इमारतीच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतुनाशक क्लोरीनची पूड, टाकली जाते तेव्हा नळाच्या पाण्याला वास येईल इतका क्लोरीन असू शकतो. आणि कारण काहीच सापडत नसेल, तर गेल्या दोन दिवसांत घरात पेस्ट कंट्रोल झाले का, डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारला का, रंगकाम चालू आहे का, हे आठवावे. हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. डासांच्या फवाऱ्यांत नेहमी आढळणारी पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माणसाला जेवढी सौम्य, तेवढीच माशांना जहाल असतात. त्यामुळे फवारणीपूर्वी टाकी ओल्या चादरीने झाकावी आणि खोली पूर्ण हवेशीर होईपर्यंत पंप बंद ठेवावा किंवा त्याची हवा घेण्याची बाजू दुसऱ्या खोलीत न्यावी.

पाणी मोजणे

पाणी स्वच्छ दिसते, म्हणजे ते चांगले आहे, हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे डोळ्यांना दिसत नाहीत. थेंब टाकून रंग पाहण्याचे किट मत्स्यपालनाच्या दुकानांत मिळते. कागदी पट्ट्यांपेक्षा ते अधिक भरवशाचे. पहिले किट हे पहिल्या माशाच्या आधी घ्यावे. मोजायच्या गोष्टी चार: अमोनिया, नायट्राइट, पीएच (पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, याचे माप) आणि तापमान. मुरलेल्या, म्हणजे उपकारक जिवाणू स्थिरावलेल्या, टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. अमोनिया प्रतिलिटर पाव मिलिग्रॅम दिसला, तरी तिथेच थांबून कारण शोधावे.

अमोनियाचा आकडा पीएचशिवाय वाचू नये. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी एकच रूप खरे विषारी असते. साधारण २५ ते २८ अंश तापमानात पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच भाग ५ ते ७ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे बोअरचे जड (क्षार जास्त असलेले), अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्या घरात जो आकडा मासे मारतो, तोच आकडा मुंबईच्या तलावांमधून येणाऱ्या मऊ पाण्यात कदाचित नुसता त्रासावर निभावतो.

अमोनियाने मासे सुस्तावतात, कल्ले लालभडक किंवा जांभळट होतात, परांवर रक्ताच्या बारीक रेषा उमटतात. नायट्राइट वाढल्यास रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, ते तपकिरी होते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो. अमोनियावरचा पहिला उपाय म्हणजे क्लोरीन काढलेल्या, टाकीच्याच तापमानाच्या पाण्याने एकतृतीयांश ते निम्मे पाणी बदलणे, खाणे दोन दिवस पूर्ण बंद ठेवणे आणि हवा वाढवणे. नायट्राइट असेल, तर याच्या जोडीला प्रतिलिटर १ ग्रॅम साधे मीठ घालावे. मिठातले क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटचा शिरकाव रोखते, त्यामुळे काही तासांत फरक दिसतो.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या जुन्या टाकीत पीएच हळूहळू खूप उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. अशा टाकीत एकदम निम्मे ताजे पाणी ओतले, तर पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासे पाणी बदलल्यानंतर मेले, म्हणून पुढे पाणी बदलायचेच नाही, असा उलटा धडा मग घेतला जातो. अशा ठिकाणी दररोज दहा टक्के पाणी आठ-दहा दिवस बदलत जावे.

टाकी नवी असेल, तर अमोनिया आणि नायट्राइट पचवणाऱ्या उपकारक जिवाणूंची वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ही वसाहत मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात व खडीत राहते. मी पहिल्या वर्षी फिल्टरचा काळा पडलेला स्पंज वाहत्या नळाखाली, पाणी नितळ निघेपर्यंत धुतला होता. चौथ्या दिवशी टाकीतले पाणी दुधाळ झाले आणि त्या आठवड्यात चार गोल्डफिश गेले. स्पंज कधीही टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळावा. थोडा मळ राहिला तर राहू द्यावा.

नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडून २४ तास ठेवले की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे थेंब, बाटलीवरच्या प्रमाणात घालावेत. पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी मात्र एकट्याने वापरू नये. त्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे पीएच स्थिर राहत नाही. मॉली माशाचे जागच्या जागी डुलणे तर पुष्कळदा याच कारणाने असते. त्याला जड आणि किंचित कोमट पाणी मानवते. मऊ पाण्यात किंवा थंडीत तो असा डुलतो, आणि कोणत्याही औषधाने थांबत नाही. फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवून आणि तापमान २६-२७ अंशांवर आणून पाहावे.

डोळ्यांनी तपासणे

पाण्याचे आकडे ठीक असतील, तरच पुढे जावे. खोलीतले दिवे मालवून, टाकीपासून हातभर अंतरावर, पाच मिनिटे न हलता बसावे. मासे आपल्याला विसरल्यावर खरे वागतात. मग बॅटरीचा झोत समोरून नव्हे, तर बाजूने, माशाच्या अंगावर तिरपा टाकावा. समोरच्या उजेडात जे अंग नितळ वाटते, त्यावर तिरप्या उजेडात बारीक रवा भुरभुरल्यासारखे ठिपके, शेवाळी-पिवळी पूड किंवा अंगावरच्या चिकट आवरणाचा करडा पापुद्रा उठून दिसतो. कल्ल्यांची झाकणे सारखी हलतात का, एकच बाजू मिटलेली आहे का, मासा खडीवर किंवा हीटरवर अंग घासतो का, विष्ठा कशी आहे, हे टिपावे. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून ती सावकाश पाहिली, तर डोळ्यांना निसटलेल्या गोष्टी सापडतात.

जे आजार नव्हेत, तेही ओळखता यावेत. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे, टणक, रांगेत बसलेले ठिपके येतात. ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे समजून कित्येक निरोगी नरांना औषध दिले जाते. गोरामी आणि फायटर वर येऊन हवा घेतात, कारण त्यांच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारे वेगळे इंद्रिय असते. निऑन टेट्राचा रंग रात्री फिका पडतो आणि उजेडात परततो. क्लाउन लोच आडवा पडून झोपतो. गप्पीची मादी दर महिन्याला पोट फुगवते आणि पिल्ले देते.

उपचाराची वेगळी टाकी

औषध मुख्य टाकीत टाकण्याची सवय शक्य तितकी टाळावी. बरीच औषधे फिल्टरमधल्या उपकारक जिवाणूंना इजा करतात, तांबे असलेली औषधे गोगलगायी व कोळंब्या मारतात, मीठ वनस्पती जाळते आणि मिथिलीन ब्लू सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करते. वीस-पंचवीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, २५ वॉटचा हीटर, थर्मामीटर आणि लपायला मातीची फुटकी कुंडी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा एवढ्यावर दवाखाना उभा राहतो. तळाला खडी घालू नये. जादा स्पंज मुख्य टाकीत कायम चालू ठेवला, तर गरजेच्या दिवशी मुरलेला फिल्टर तयार मिळतो. एवढ्या लहान पाण्यात अमोनिया लवकर वाढतो, म्हणून रोज पाव भाग पाणी बदलावे आणि काढलेल्या पाण्याबरोबर गेलेले औषध त्याच प्रमाणात पुन्हा भरावे. पांढऱ्या ठिपक्यांसारखा रोग मात्र सगळ्या टाकीचा असतो. तिथे एक मासा बाहेर काढून काही साधत नाही.

औषधाचे माप पाण्याच्या खऱ्या आकारमानावर ठरते, टाकीच्या नावावर नाही. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात. दोन फूट बाय एक बाय एक फुटाची टाकी म्हणजे अंदाजे ६० गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे ५४ लिटर. त्यातून खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. औषध टाकण्यापूर्वी फिल्टरमधला कार्बन (शोषक कोळसा) काढावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. उपचार संपल्यावर तोच कार्बन औषध काढायला कामी येतो.

पांढरे ठिपके

दुकानात ज्याला व्हाइट स्पॉट किंवा इच म्हणतात, तो इक्थिऑफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय परजीवीचा रोग घरच्या टाक्यांत वारंवार आढळतो. पुणे, नाशिक, नागपूर येथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गार होते, माशांची प्रतिकारशक्ती उतरते आणि आठवड्यापूर्वी आणलेल्या माशाबरोबर आलेला परजीवी डोके वर काढतो. अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांएवढे, एकसारख्या आकाराचे ठिपके दिसतात, मासा अंग घासतो, पुढे कल्ल्यांत संसर्ग पोचला की धापा टाकतो. कधी कधी ठिपके फक्त कल्ल्यांत असतात आणि अंग स्वच्छ दिसते.

या परजीवीचे चक्र समजले, तर उपचार का फसतात ते कळते. ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली वाढणारा जीव. तेथे त्याला कोणतेही साधे औषध गाठू शकत नाही. पुरेसा वाढल्यावर तो गळून तळाला जातो, भोवती कोष बांधतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले सोडतो. ही पोहणारी पिल्ले एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर मरतात. औषध आणि मीठ मारते ते फक्त याच पोहणाऱ्या अवस्थेला. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याच्या आत पुरे होते, पाणी गार असेल तर कित्येक आठवडे लांबते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गळून पडतात आणि मासा बरा झाला असे वाटते. नेमक्या त्याच वेळी तळाशी नवी पिढी तयार होत असते. उपचार तेव्हा थांबवणाऱ्याला आठवडाभरात दुप्पट ठिपके दिसतात.

म्हणून तापमान दर दोन-तीन तासांनी एक अंश या गतीने ३० अंशांपर्यंत न्यावे आणि चक्र वेगाने फिरू द्यावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे हवा दुप्पट करावी. मीठ प्रतिलिटर २ ग्रॅम, म्हणजे वरच्या ४५ लिटरांसाठी ९० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घ्यावे; चमच्याने अंदाज करू नये. ते तीन भागांत, दीड दिवसात, आधी मगभर पाण्यात विरघळवून घालावे. जाडे खडे मीठ त्याला चालते. कोरिडोरास, लोच आणि टेट्रा यांना मीठ सोसत नाही. ते असतील तर प्रतिलिटर १ ग्रॅमवर थांबावे. पाणी आटून गेले तरी मीठ टाकीतच राहते, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी नुसते पाणी घालावे आणि बदललेल्या पाण्याच्या जागी मात्र मिठाचे. एक दिवसाआड तळाची खडी सायफनने उपसावी, कारण कोष तेथेच असतात. शेवटचा ठिपका गेल्यानंतर पूर्ण एक आठवडा हे सगळे चालू ठेवावे.

तीन-चार दिवसांत नवे ठिपके येणे कमी झाले नाही, तर मॅलाकाइट ग्रीन असलेले तयार औषध बाटलीवरच्या मापाने द्यावे. खवले नसलेल्या माशांना निम्मे. हे औषध विषारी आहे, युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्याला बंदी आहे, तेव्हा हातमोजे घालूनच ते हाताळावे.

ठिपक्यांऐवजी सोनेरी-तपकिरी, भुकटीसारखा थर तिरप्या उजेडात दिसला, तर तो वेल्व्हेट हा वेगळा रोग आहे आणि तो अधिक वेगाने मारतो. या परजीवीत हरितद्रव्य असते, म्हणून मिठाच्या व उबेच्या जोडीला टाकी कापडाने झाकून अंधार करावा. तांबे असलेले औषध त्यावर चालते, पण कोळंब्या आणि गोगलगायी आधी हलवून.

कापूस: बुरशी की जिवाणू

मुखाभोवती किंवा पाठीवर पांढरे काही दिसले की त्याला बुरशी म्हणण्याची पद्धत आहे, आणि या एका चुकीने फार मासे जातात. खरी बुरशी, म्हणजे सॅप्रोलेग्निया, सहसा जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर उगवते. तिचे लांब, मोकळे तंतू पाण्यात हलताना स्पष्ट दिसतात. ती हळू वाढते. वेगळ्या टबमध्ये मिथिलीन ब्लू आणि स्वच्छ पाणी दिले की बहुधा आटोक्यात येते.

कॉलम्नॅरिस हा जिवाणूचा रोग मात्र कापसाचा नुसता भास घडवतो. त्याचा थर आखूड, चपटा, करडा-पिवळसर असतो, ओठांभोवती चिकटलेला दिसतो किंवा पाठीवर खोगीर टाकल्यासारखा पट्टा उमटवतो आणि कडा लालसर असतात. तीव्र प्रकारात मासा एक-दोन दिवसांत जातो. उबदार पाण्यात हा जिवाणू अधिक वेगाने वाढतो. म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांसाठी जे योग्य, ते येथे घातक: पाणी तापवण्याऐवजी, माशाला सोसेल तर, २४-२५ अंशांपर्यंत हळूहळू उतरवावे, प्रतिलिटर १ ते २ ग्रॅम मीठ द्यावे, मासा ताबडतोब वेगळा करावा आणि पशुवैद्यकाला गाठावे. शंका असेल तेव्हा जिवाणूच समजून वागावे, कारण बुरशी एक दिवस थांबते. हा रोग थांबत नाही.

पर कुजण्याचा रोगही जिवाणूंचाच, पण तो बहुधा खराब पाण्याची किंवा एकमेकांचे पर तोडणाऱ्या सोबत्यांची पावती असतो. परांच्या कडा दुधाळ होतात, झिजतात, फाटतात. रोज पाव भाग पाणी बदलत राहिल्यास बरेच मासे औषधाशिवाय बरे होतात आणि कडेला नवा, पारदर्शक पर उगवताना दिसतो. झीज अंगाच्या मांसाला भिडली, तर मात्र औषध लागते.

दिसणारे किडे, न दिसणारे किडे

गोल्डफिश आणि कोई यांच्या अंगावर दोरा लोंबल्यासारखा दिसला आणि त्याच्या बुडाशी लाल फोड असला, तर तो अँकर वर्म आहे. मासा ओल्या कापडात धरावा, चिमट्याने किडा त्वचेलगत, अगदी बुडाशी पकडून सरळ ओढावा आणि जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा कापूस टेकवावा. कल्ले व डोळे यांना ते लागू देऊ नये. मिनिटाच्या आत मासा पाण्यात परतला पाहिजे. पाण्यातली पिल्ले पुढचे तीन-चार आठवडे मोठी होत राहतात, म्हणून तेवढे दिवस आठवड्यातून दोनदा प्रत्येक मासा तपासावा.

अंग घासणे चालू आहे, एक कल्ला मिटलेला आहे आणि ठिपके मात्र नाहीत, असे असेल तर कल्ल्यांवरचे चपटे कृमी संभवतात. त्यांवर प्राझिक्वांटेल उपयोगी पडते. गप्पी-मॉलीच्या गुदद्वारातून मासा स्थिर असताना लाल धागे बाहेर डोकावत असतील, तर ते कॅमॅलॅनस कृमी. त्यांना लेव्हॅमिसोल लागते. ते गुराढोरांच्या औषधांत मिळते आणि त्याचे माप पशुवैद्यकानेच ठरवावे.

फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर यांच्या डोक्यावर खड्डे पडू लागले आणि विष्ठा पांढरी, तारेसारखी झाली, तर पाणी, एकसुरी खाणे आणि आतड्यातील परजीवी या तिन्हींकडे एकत्र पाहावे. मेट्रोनिडाझोल हे त्यावरचे औषध खाण्यातून दिले तर अधिक लागू पडते, पण मासा खात असेपर्यंतच. म्हणून उशीर करू नये.

फुगलेले पोट

आखूड, गोल अंगाचे गोल्डफिश उलटे तरंगू लागले, तर बऱ्याचदा कारण वाताशयात (तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीत) नसून पोटात असते. तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला वाटाण्याचा बारीक तुकडा आणि यापुढे तरंगणाऱ्या गोळ्यांऐवजी भिजवून बुडणारे खाणे, एवढ्याने पुष्कळ मासे सरळ होतात.

ड्रॉप्सी मात्र गंभीर आहे. माशाकडे वरून पाहावे: खवले पाइनच्या फळासारखे ताठ उभे राहिलेले दिसले, तर मूत्रपिंडाचे काम थांबत आले आहे आणि अंगात पाणी साठते आहे. हा रोग नव्हे, शेवटच्या टप्प्याचे लक्षण आहे. वीस लिटरला एक चहाचा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट; खाण्याचे मीठ नव्हे) घालून अंगातले पाणी उतरते का, हे पाहावे, पण वाचणारे मासे थोडे असतात, ही गोष्ट घरातल्या मुलांनाही आधीच सांगितलेली बरी.

प्रतिजैविके आणि आपले हात

घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल टाकीत फोडू नये. मापाशिवाय दिलेले प्रतिजैविक रोग मारत नाही, उपकारक जिवाणू मारते आणि उरलेल्यांना निगरगट्ट करते. त्यातून बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून जवळजवळ निकामी करते. प्रतिजैविक द्यायचे तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वेगळ्या टबात आणि ठरलेले सगळे दिवस. नागपूर व उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये, रत्नागिरीचे शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था येथे माशांचे आरोग्य हा अभ्यासाचा विषय आहे. या शाखेत शिकलेली व्यक्ती ओळखीत असेल, तर तिचा सल्ला दुकानातल्या सल्ल्याच्या आधी घ्यावा.

मासा आठवड्यांमागून आठवडे खंगत असेल, पाठ वाकली असेल, खाऊनही पोट खपाटीला जात असेल, तर मत्स्यक्षयाची शंका घ्यावी. त्याचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, हातावरच्या जखमेतून माणसालाही होतो आणि महिनोन्‌महिने न भरणारी गाठ उठवतो. हाताला चीर असताना टाकीत हात घालू नये, सायफनची नळी तोंडाने ओढू नये, आणि अशी गाठ उठली तर डॉक्टरांना घरी मत्स्यटाकी आहे हे आवर्जून सांगावे.

उपाय संपतात तेव्हा

मासा आडवा पडून दिवसेंदिवस नुसता श्वास घेत असेल, तर त्याला संडासात सोडणे, बर्फात ठेवणे किंवा पाण्याबाहेर तडफडू देणे हे तिन्ही मार्ग क्रूर आहेत. औषधांच्या दुकानात मिळणारे लवंगतेल कोमट पाण्याच्या लहान बाटलीत घालून दुधाळ होईपर्यंत जोराने हलवावे. मासा टाकीच्याच एक-दोन लिटर पाण्यात ठेवून हे मिश्रण आधी थोडे घालावे. तो निपचित झाला की एकूण प्रमाण प्रतिलिटर ०.४ मिलिलिटर तेलापर्यंत न्यावे. कल्ले थांबल्यानंतरही अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्यावे, कारण आधी काढलेला मासा पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो. मग कुंडीत किंवा बागेत खोल पुरावे. जिवंत, नकोसा झालेला मासा, विशेषतः सकर, नदी-तलावात कधीही सोडू नये. त्याच्याबरोबर त्याचे रोगही तेथे पोचतात.

एखादा मासा गेल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया पुन्हा मोजावा. टाकीच्या मागे किंवा दगडाखाली राहिलेला लहान मृत मासाही पाणी बिघडवतो. जाळी, सायफन आणि बादली धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. रिकामी जागा भरायला त्याच रविवारी मुंबईतल्या कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात जाऊ नये. तिथला मासा बऱ्याचदा चेन्नईहून किंवा कोलकात्याहून पिशवीत बंद होऊन, वाटेत दोन-तीन ठिकाणचे पाणी बदलून आलेला असतो, आणि त्या प्रवासाचा ताण अंगावर दिसायला आठ-दहा दिवस जातात. उपचारासाठी उभा केलेला टब मोडून ठेवण्यापेक्षा धुऊन, वाळवून पुन्हा भरावा. नवा मासा तेथे चार आठवडे ठेवावा. पिशवीतले पाणी टबात ओतू नये. त्याचे जाळे वेगळे ठेवावे आणि रोज खाणे घालण्याचा क्रम मुख्य टाकी आधी, टब नंतर असा राखावा.